माणूस स्वस्त आहे तोवर यंत्र गटारात उतरणार नाही

सध्या जिकडे तिकडे एकच चर्चा आहे : कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, माणसाचे काम काढून घेणार. वाहिन्यांवर चर्चासत्रे झडत आहेत, अग्रलेख लिहिले जात आहेत. काल-परवापर्यंत 'मेरिट'च्या गप्पा मारणारा वर्ग आज धास्तावून विचारतो आहे की, संगणकच कोड लिहू लागला, जमाखर्च मांडू लागला, खटल्याचा मसुदा तयार करू लागला, तर आमच्या मुलांनी करायचे काय? दुसऱ्या बाजूला एआयचे भाट आहेत. ते सांगतात, घाबरू नका, यंत्र कष्ट करील आणि माणूस मोकळा होईल. आठवड्यात थोडे काम, बाकी आराम.

आम्ही या दोघांनाही एक साधा प्रश्न विचारतो. तुम्ही ज्या 'माणसा'बद्दल बोलता, तो माणूस कोण? या देशात काम वाटताना आणि आराम वाटताना 'माणूस' असा शब्द कधी कोणी वापरला होता काय? इथे काम जन्मावर वाटले गेले. कोणी पोथी वाचायची, कोणी तराजू धरायचा आणि कोणी मेलेले ढोर ओढायचे, हे आईच्या पोटात असतानाच ठरले. मग यंत्र आल्यावर ते सगळ्यांना सारखेच मोकळे करील, हा भाबडेपणा आम्ही का दाखवायचा?

म्हणून एआयच्या या चर्चेत आंबेडकरी तरुणाने दुसऱ्याचा प्रश्न उसना घेऊ नये. 'यंत्र येणार की नाही' हा आपला प्रश्न नाही. यंत्र कुठे येते, कुठे येत नाही, का येत नाही आणि त्यातून वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हा आपला प्रश्न आहे.

जातीने वेळही वाटला

जातीबद्दल बोलताना आपण पाणी, मंदिर, स्मशान, रोटी-बेटी यांबद्दल बोलतो. फुरसतीबद्दल फारसे बोलत नाही. पण जातीने जशी जमीन वाटली, विद्या वाटली, मान वाटला, तसा वेळही वाटला. एका टोकाला असा वर्ग उभा केला की ज्याला पोटासाठी हात मळवावे लागू नयेत. पठण करणे, यज्ञ करणे आणि दान घेणे हेच त्याचे काम. दुसऱ्या टोकाला असा माणूस उभा केला, ज्याच्या दिवसातला एक तासही त्याच्या स्वतःच्या मालकीचा नाही.

महारवतन आठवा. नाव वतन, पण ती वेठ होती. गावाचा सांगावा पोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताची खबर परगावी नेणे, गावाची राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे. या चाकरीला ठरलेली वेळ नव्हती. चोवीस तासांत केव्हाही बोलावणे येई आणि घरचा कर्ता माणूस नसेल तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी जायचे. मोबदला काय, तर जमिनीचा लहानसा तुकडा आणि दारोदार फिरून मागायचा बलुत्याचा दाणा. ही वेठ १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली होती. त्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

ही लढाई जमिनीच्या तुकड्याची किंवा पगाराचीच होती असे आम्ही मानत नाही. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे तो शाळेत कधी जाणार, सभेला कधी जाणार, विचार कधी करणार? वेळ हिरावून घेतला की बुद्धी हिरावून घ्यायला वेगळे कष्ट पडत नाहीत. आणि मग वर पुन्हा म्हणायचे, यांच्याकडे गुणवत्ताच नाही.

बाबासाहेब यंत्राच्या बाजूने का उभे राहिले

यंत्र म्हणजे पाप, हातमाग आणि बैलगाडी म्हणजे पुण्य, असा विचार या देशात मोठ्या आदराने शिकवला जातो. गांधींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये यंत्रसंस्कृतीवर कडाडून टीका केली. पुढे त्यांनी ही भूमिका काहीशी सौम्य केली, पण त्यांच्या आदर्शाच्या केंद्रस्थानी खेडे आणि चरखा हेच राहिले. १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी या विचाराची चिरफाड केली.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. पशू आणि माणूस यांच्यात फरक आहे तो संस्कृतीचा. संस्कृती फुरसतीशिवाय उभी राहत नाही. दिवसभर पोटासाठी राबणाऱ्याला मनाची मशागत करता येत नाही. ही फुरसत सगळ्यांना मिळवून देण्याचे सामर्थ्य फक्त यंत्रात आहे. यंत्र नाकारले की काय होते? मूठभरांच्या फुरसतीसाठी बाकीच्यांना जनावरासारखे राबावे लागते. मूठभरांच्या सुखावर चालणाऱ्या समाजाला हे चालेल, लोकशाही समाजाला चालणार नाही. आणि यंत्रामुळे हाल झाले असतील तर दोष यंत्राचा नाही. खाजगी मालमत्ता आणि नफा यांना देव मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. बदलायची ती रचना.

हे ऐंशी वर्षांपूर्वीचे विवेचन आजच्या एआयच्या चर्चेला जसेच्या तसे लागू पडते. म्हणून आम्ही ठामपणे सांगतो, आंबेडकरी माणूस यंत्राचा विरोधक असू शकत नाही. हातांनी मैला उचलण्याला 'सेवा' म्हणणारे, त्यात आध्यात्मिक अनुभव शोधणारे यंत्राला विरोध करोत. त्यांच्या हाताला तो मैला कधी लागलेला नाही. ज्यांच्या हातात पिढ्यान्पिढ्या झाडू दिला, त्यांना श्रमाच्या पावित्र्याचे प्रवचन नको आहे. त्यांना त्या कामातून सुटका हवी आहे.

यंत्र आले, पण जात फाटकावर उभी होती

मात्र यंत्र आले म्हणजे जात आपोआप गेली, असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहा. आमच्यातलेही काही सुशिक्षित मित्र हल्ली म्हणू लागले आहेत की, संगणकाला जात कळत नाही. त्यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचावा.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वी एक कल्पना मांडली होती. मागावरचा धोटा आपल्या आपण विणू लागला तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही, अशी. मुंबईत वाफेच्या जोरावर धोटा धावू लागला. मग काय झाले? बाण्यावरचे सूत संपले की विणकर नवे सूत घालायचा आणि त्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. म्हणजे धोट्याला तोंड लागायचे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराने तोंडाला कसा लावायचा? एवढ्या कारणावरून विणकाम खाते, जिथे मजुरी चांगली होती, तिथे अस्पृश्यांना दार बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. भांडवलशाहीविरुद्ध लढणाऱ्या कामगार पुढाऱ्यांना आपल्याच खात्यातला हा विटाळ खुपत नव्हता.

वाफेच्या इंजिनाला जात कळत नव्हती हे खरे. पण हजेरीपटावर नाव घालणाऱ्याला कळत होती. म्हणूनच १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एआयच्या काळात या दोघांतला एकही निवृत्त झालेला नाही.

यंत्र कुठे जाते आणि कुठे जात नाही

आता आजच्याकडे या. एआय आज कविता जुळवतो, चित्र काढतो, भाषांतर करतो, क्ष-किरणाची फिल्म तपासतो. जे काम बुद्धीचे, म्हणून उच्च मानले गेले, तिथे यंत्र पोचले. आणि गटारात? तिथे अजून माणूस उतरतो आहे.

२००८ साली भारताचे पहिले चांद्रयान चंद्राच्या कक्षेत पोचले. गटार साफ करणारा 'बँडिकूट' हा यंत्रमानव केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी प्रत्यक्ष कामाला लावला तो २०१८ मध्ये. चंद्र जवळ होता, मॅनहोल लांब होते! हातांनी मैला उचलण्याच्या प्रथेवर पहिला कायदा १९९३ मध्ये झाला, दुसरा २०१३ मध्ये. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. २०२३ च्या अर्थसंकल्पात 'मॅनहोलकडून मशीनहोलकडे' अशी घोषणा झाली. आणि संसदेत सरकारनेच दिलेली आकडेवारी काय सांगते? २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली. 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत नोंदवलेल्या सुमारे ३८ हजार गटार-टाकी कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे आहेत. इतर मागास आणि आदिवासी धरले तर हा आकडा ९२ टक्क्यांच्या घरात जातो.

तंत्रज्ञान नव्हते म्हणून हे झाले काय? मुळीच नाही. मैला खेचणारे पंप, पाण्याच्या दाबाने गाळ फोडणाऱ्या गाड्या कितीतरी वर्षांपासून आहेत. मग यंत्र का येत नाही? कारण सरळ आहे. मालक यंत्र विकत घेतो ते माणसापेक्षा स्वस्त पडते तेव्हा. जिथे माणूस महाग, तिथे यंत्र धावत येते. जिथे माणूस मातीमोल, तिथे यंत्र कशाला हवे? आणि या देशात काही माणसांना मातीमोल ठेवण्याची व्यवस्था आधीपासून तयार आहे. तिचे नाव जात. कंत्राटदाराला दोरी, बादली आणि पाचशे रुपयांत उतरणारा माणूस मिळतो, कारण त्या माणसापुढचे बाकीचे सगळे दरवाजे जातीने बंद करून ठेवले आहेत.

जात ही यंत्राला सर्वांत स्वस्त पर्याय आहे. हे एकदा नीट समजून घेतले की लढाई कुठे करायची तेही कळते. माणूस महाग करा, यंत्र आपोआप येईल. गटारात उतरवणाऱ्यावर गुन्हा नोंदवून तो तडीस नेला, नुकसानभरपाई कंत्राटदाराच्या आणि अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल झाली, कायम नोकरी आणि पूर्ण पगार द्यावाच लागला, तर दुसऱ्या दिवशी पालिकेला यंत्र परवडू लागेल.

यंत्र आले नाही असे म्हणणेही पूर्ण बरोबर नाही. ते आले, पण भलत्या ठिकाणी. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएस घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, कुठे थांबला, हे साहेबाला कार्यालयात बसून दिसावे म्हणून. रोजगार हमीच्या मजुरांची १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा ॲपवर फोटोसह हजेरी सक्तीची केली. डोंगराच्या कुशीत नेटवर्क नाही, तर दिवसभर माती खणूनही हजेरी लागत नाही. जे यंत्र गटारात उतरायला हवे होते, ते मनगटावर बसले. कष्ट हलके करणारे यंत्र नाही, पाळत ठेवणारे यंत्र मात्र ताबडतोब! याला आम्ही तंत्रज्ञानाची प्रगती म्हणत नाही. हा डिजिटल मुकादम आहे.

आमच्या पहिल्या पिढीची खुर्ची

आता खुर्चीवर बसून होणाऱ्या कामांकडे वळू. आमच्या हजारो मुलामुलींनी एमएस-सीआयटी केले, मराठी ३० आणि इंग्रजी ४० चे टायपिंग केले, कोणी डीटीपी शिकले, कोणी डेटा एंट्रीत लागले, कोणी हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या कंपनीत रात्रपाळी करू लागले. घराण्यातली ही पहिली खुर्ची होती. एआयचा पहिला घाव याच खुर्चीवर आहे, कारण नेमके हेच काम यंत्राला सर्वांत आधी जमते. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कारण कोणतेही सांगोत, वारे कोणत्या दिशेला आहे ते दिसते. ज्याच्या मागे बापाचा फ्लॅट, मामाची ओळख आणि परदेशातला भाऊ आहे, तो वर्षभर घरी बसून नवे काही शिकेल. ज्याच्या पगारावर गावाकडचे घर चालते, त्याने काय करायचे?

सरकारी नोकरीचे तर आधीच वाटोळे चालले आहे. माणूस निवृत्त झाला की पद निरसित. शिपाई, वाहनचालक, सफाई कामगार यांची पदे कंत्राटाकडे. घटनेच्या १६ व्या कलमातले आरक्षण सरकारी पदाला आहे. पदच उरले नाही तर आरक्षण कागदावर पूजेला ठेवायचे काय? ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग मोकळा केला होता. तरुण रस्त्यावर आले, ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. उद्या हेच काम 'एआय आणले' या नावाने होईल आणि तेव्हा शासन निर्णयसुद्धा निघणार नाही. गुपचूप पद नाहीसे होईल.

आणि खाजगी क्षेत्रातली भरतीही आता यंत्र करते. अर्ज यंत्र चाळते. यंत्र कशावरून शिकते? आधी कोणाला घेतले आणि कोणाला नाकारले, त्या जुन्या नोंदींवरून. ॲमेझॉन कंपनीने अर्ज चाळण्यासाठी तयार केलेली एक प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखत होती, म्हणून ती सोडून द्यावी लागल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. तिथे जुन्या नोंदींत पुरुष जास्त होते, म्हणून यंत्र पुरुष निवडायला शिकले. आपल्याकडच्या जुन्या नोंदींत काय आहे? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फक्त आडनाव वेगळे, असे अर्ज कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. ही निवड शिकलेले यंत्र उद्या काय करील? तेच करील, फक्त जास्त वेगाने आणि 'हे तर गणिताने ठरवले' असे म्हणून. माणसाने भेदभाव केला तर त्याच्यावर बोट तरी ठेवता येते. यंत्राच्या आड लपलेल्या मनूवर गुन्हा कोणी नोंदवायचा?

वाचलेला वेळ गेला कुठे?

१९३० साली ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी लिहिले होते की, शंभर वर्षांत यंत्रे इतकी सुधारतील की माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. शंभर वर्षे आता भरत आली. १९४६ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखाने कायद्यात दुरुस्ती आली आणि बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याआधी १९४५ मध्ये भरपगारी रजेची तरतूद झाली. तेव्हा या देशात संगणक नव्हता. मग आज, इतकी यंत्रे आल्यावर, तो ४८ चा आकडा ३० वर यायला नको होता काय?

प्रत्यक्षात काय ऐकू येते? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे वक्तव्य गाजले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. यंत्राचा वेग वाढतो आणि माणसाचा दिवसही लांबतो, हे गणित कोणाच्या फायद्याचे? वाचलेला वेळ कामगाराकडे आला नाही, तो नफ्याच्या खात्यात जमा झाला.

ॲपवर चालणाऱ्या कामाकडे पाहा. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल. दहा मिनिटांत किराणा, पंधरा मिनिटांत मोलकरीण. पोरगा दुचाकीवर बसून फोनकडे टक लावून आहे, बोलावणे केव्हा येईल सांगता येत नाही, नाकारले तर मानांकन घसरते. कामाची वेळ ठरलेली नाही, मालक दिसत नाही, नोकरीचा कागद नाही. आम्हाला यात नवे काही दिसत नाही. हे वतनच आहे. पूर्वी येसकर वेशीवर हाकेची वाट पाहायचा, आता फोनच्या घंटीची पाहतो. एकाची फुरसत दुसऱ्याच्या चोवीस तासांवर उभी राहते, ही जुनीच रीत.

बेकारी म्हणजे फुरसत नव्हे

एआयचे भाट सांगतात की काम गेले तर फुरसत मिळेल. याचेही उत्तर मुंबईत आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप फसला, मागोमाग गिरण्या बंद पडत गेल्या, माग भिवंडीच्या पॉवरलूममध्ये गेले आणि तिथे बारा-बारा तासांची पाळी लागली. लोअर परळची फिनिक्स मिल आज मॉल आहे. फुरसत घालवायला माणसे तिथे जातात. ज्याचा बाप गिरणीत होता, त्याचा पोरगा कुठल्यातरी मॉलच्या दारावर सुरक्षारक्षकाच्या गणवेशात उभा असतो. गिरणी कामगाराला 'मोकळा वेळ' भरपूर मिळाला होता. त्या मोकळ्या वेळेने गिरणगावाची राखरांगोळी केली.

फुरसत म्हणजे पोट भरलेले असताना, उद्याची धास्ती नसताना, स्वतःच्या मर्जीने वापरता येणारा वेळ. आमच्या समाजाला तो कधी मिळालाच नाही. आम्ही तो चोरून घेतला. आंबेडकरी जलसे दिवसभर राबलेल्या माणसांनी रात्री उभे केले. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला आणि मराठी कविता पहिल्यासारखी राहिली नाही. चोरलेल्या तासांत हे उभे राहिले, तर हक्काच्या तासांत काय उभे राहील, याचा विचार करा. या देशातल्या प्रस्थापितांना आमची बेकारी चालते. आमची फुरसत त्यांना भीती घालते, कारण फुरसतीत माणूस वाचतो आणि वाचलेला माणूस प्रश्न विचारतो.

आणि फुरसतीची ही मागणी घराच्या उंबऱ्यावर थांबता कामा नये. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, ते करणारा पुरुष ८८ मिनिटे. सभेत समतेवर भाषण करून घरी आल्यावर आयते ताट मिळणे, हीसुद्धा दुसऱ्याच्या वेळेवर जगलेली फुरसत आहे. ज्या समाजाची अर्धी माणसे चुलीपुढून उठू शकत नाहीत, त्याची चळवळ एका पायावर चालते.

आमच्या मागण्या

म्हणून तरुण मित्रांनो, एआयच्या नावाने नुसता गळा काढू नका आणि त्याच्या आरत्याही ओवाळू नका. चळवळीच्या अजेंड्यावर हे मुद्दे घ्या.

पहिला, यंत्राचा क्रम आम्ही ठरवू. सर्वांत आधी गटार, मैल्याची टाकी, कचऱ्याचा डेपो, खाण. जिथे माणूस मरतो तिथे यंत्र आधी. काही जण विचारतील, सफाईच्या कामात यंत्र आले तर आमच्याच माणसांची भाकरी जाणार नाही काय? जाईल, जर यंत्र कंत्राटदाराच्या मालकीचे असेल तर. यंत्र आले की कामाची घाण जाते, पगार वाढतो आणि मग अचानक ते काम इतर जातींना हवेसे वाटू लागते. म्हणून यंत्राची मालकी आणि चालवण्याची कायम नोकरी, दोन्ही ज्यांनी पिढ्यान्पिढ्या ते काम केले त्यांच्या सहकारी संस्थांना आणि त्यांच्या मुलांना मिळाली पाहिजे. मात्र ज्याला त्या कामातून बाहेर पडायचे आहे, त्याला सन्मानाने बाहेर पडता आले पाहिजे. झाडूचा वारसा जाऊन यंत्राचा वारसा येणे हे पुनर्वसन नाही.

दुसरा, यंत्रामुळे उत्पादन वाढले तर कामाचे तास कमी झाले पाहिजेत आणि पगार कमी होता कामा नये. १९४६ ची लढाई ४८ वर थांबण्यासाठी नव्हती. बारा तासांच्या दिवसाला आंबेडकरी कामगार संघटनांचा विरोध दिसला पाहिजे.

तिसरा, यंत्र आणून सरकारी पद रद्द करायचे असेल तर त्याचा आरक्षणावर काय परिणाम होतो, हे आधी जाहीर करा. तितक्याच राखीव जागा नव्या तांत्रिक पदांत द्या. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आता टाळता येणार नाही.

चौथा, भरती, कर्ज, शिष्यवृत्ती, पोलीस तपास, जिथे जिथे यंत्र माणसाबद्दल निर्णय घेते, तिथे त्या निर्णयांची जातनिहाय तपासणी सक्तीची करा आणि नाकारलेल्याला लेखी कारण द्या.

पाचवा, मालकी. १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली होती. आज एआय चालवणारी प्रचंड संगणक केंद्रे आणि माहितीचे साठे हे मूलभूत उद्योग आहेत. ही माहिती कोट्यवधी सामान्य माणसांच्या लिहिण्याबोलण्यातून आणि कामातून गोळा झालेली आहे. तिच्यावर चार-दोन कंपन्यांची मालकी आम्ही का मान्य करायची?

आणि सहावे काम आपले स्वतःचे. हे तंत्र शिका. ते बनवणाऱ्यांत आपण नसू, तर बनवणारे आपल्याला वगळूनच बनवतील. प्रत्येक बुद्धविहारात, वस्तीतल्या प्रत्येक वाचनालयात चार संगणक आणि एक शिकवणारा असला पाहिजे. जयंतीच्या डीजेचा एका वर्षाचा खर्च त्याला पुरेल.

वेदांची विद्या आमच्यापासून लपवली गेली, तेव्हा ती लपवणारे ओळखायला आम्हाला फार काळ लागला. या वेळी तेवढा काळ हातात नाही. यंत्र आज घडते आहे, त्याला कोणत्या कामाला जुंपायचे ते आज ठरते आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या मंत्रातले पहिलेच पाऊल टाकायला वेळ लागतो. म्हणून आमची मागणी वेळेची आहे. जो समाज आमच्या माणसाला गटारात उतरवून स्वतःच्या फुरसतीच्या गप्पा मारतो, त्याच्या प्रगतीवर आमचा विश्वास नाही. आमचा माणूस महाग होईल, त्याचा दिवस त्याच्या मालकीचा होईल, त्या दिवशी आम्ही यंत्राचे स्वागत हार घालून करू.

जयभीम!